मोटारीतील मुलांची करमणूक व तिला लागणारी वीज

(लालबर्रा येथील एका घाऊक धान्य व्यापाऱ्याकडून)

आपल्या व्यापारी कुटुंबांचा मोटारीचा प्रवास गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुष्कळ वाढला आहे. लालबर्रा हे आपले गाव बालाघाट-सिवनी रस्त्यावरचे. येथून मालाच्या सौद्यासाठी वारासिवनी व गोंदिया, लग्नकार्यासाठी सिवनी-जबलपूर, मोठ्या दवाखान्यासाठी नागपूर आणि दर्शनासाठी रामटेक, डोंगरगढ किंवा दमोह जिल्ह्यातील कुंडलपूर, अशा खेपा वर्षभर चालूच असतात. पूर्वी अशा प्रवासास घरातील एक-दोन कर्ती माणसे जात. आता आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे कुटुंब एकाच गाडीत बसून निघते. आणि गाव मागे पडते न पडते तोच मागच्या बाकावरून मुलांची मागणी सुरू होते. कोणास चित्रपट पाहावयाचा असतो, कोणास गाणी ऐकावयाची असतात, तर कोणास खेळ खेळावयाचा असतो. मोबाइल, टॅब्लेट व क्वचित लॅपटॉप ही साधने त्यासाठी बरोबर घेतली जातात.

कोणते साधन विकत घ्यावे हे सांगणारे बाजारात पुष्कळ आहेत. परंतु ते चालविण्यास लागणारी वीज मोटारीत कोठून घ्यावी, किती घ्यावी आणि कोणत्या वेळी मुळीच घेऊ नये, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. परिणामी कोणाची गाडी भर रस्त्यात अडते, कोणाच्या गाडीचा फ्यूज उडतो, तर कोणाच्या गाडीतील वायर वितळते. प्रस्तुत लेखक विजेचा तज्ज्ञ नव्हे. धान्याच्या घाऊक व्यापारातच त्याचे आयुष्य गेले. तथापि तोलमापाची व खतावणीची सवय असलेल्या माणसास हा विषय अवघड नाही, असे त्यास आढळून आले. म्हणून त्याविषयीची थोडी माहिती सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

प्रश्न नवा नाही

मोटारीत करमणूक हवी आणि तिला वीज हवी, हा प्रश्न जवळजवळ शंभर वर्षांचा आहे. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी १९३० साली मोटारीत बसविण्याचा रेडिओ बाजारात आणला व त्यास ‘मोटोरोला’ हे नाव दिले. त्या काळच्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत. त्यांना शंभर-दोनशे व्होल्टचा दाब लागे आणि मोटारीच्या बॅटरीत तर अवघे सहा व्होल्ट असत. आरंभी या अडचणीवर तोडगा म्हणून कोरड्या बॅटऱ्यांची वेगळी पेटी गाडीत ठेवीत. पुढे ‘व्हायब्रेटर’ नावाची युक्ती निघाली. गाडीच्या बॅटरीतील सरळ प्रवाह एका थरथरणाऱ्या पट्टीने क्षणोक्षणी तोडावयाचा व जोडावयाचा, आणि मग रोहित्राच्या साह्याने त्याचा दाब वाढवावयाचा, अशी ती योजना होती. आज बाजारात जो इन्व्हर्टर मिळतो, तो तत्त्वतः याच युक्तीचा वंशज होय.

१९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि १९५५ साली केवळ ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटारीचा रेडिओ निघाला. त्यामुळे दाब वाढविण्याची गरजच उरली नाही. गाडीच्या बॅटरीवर रेडिओ सरळ चालू लागला व विजेचा खर्चही उतरला. याच सुमारास बहुतेक मोटारींच्या बॅटऱ्या सहा व्होल्टवरून बारा व्होल्टवर आल्या; आणि १९६० नंतर जुन्या डायनामोच्या जागी हळूहळू आल्टरनेटर आला. गाडी मंद चालत असतानाही तो बॅटरी भरू शकतो.

आपल्या देशातील मोटारींच्या कारखानदारीत सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबातील शेठ वालचंद हिराचंद यांचा वाटा मोठा होता, याचे आपणा सर्वांस भूषण वाटते. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईतील कुर्ला येथे तिचा कारखाना होता. पुढे ‘फियाट’ व ‘पद्मिनी’ या नावांनी घरोघर ओळखल्या गेलेल्या गाड्या तेथूनच बाहेर पडल्या. त्या गाड्यांत विजेचा खर्च म्हणजे दिवे, भोंगा, काच पुसण्याची यंत्रणा आणि हौशी मालकाने बसविलेला रेडिओ एवढाच असे. आजच्या गाडीत हा खर्च कितीतरी पटींनी वाढला आहे. बॅटरीचे मूळ काम मात्र अद्याप तेच आहे. ते काम कोणते हे समजण्यासाठी प्रथम मापे समजून घेतली पाहिजेत.

भाव, वजन व रक्कम

व्होल्ट हा विजेचा दाब, अँपिअर हे प्रवाहाचे माप आणि वॅट ही त्या दोहोंच्या गुणाकाराने येणारी शक्ती. आपल्या भाषेत व्होल्टास भाव म्हणावे, अँपिअरास वजन म्हणावे आणि वॅटास रक्कम म्हणावे. बारा व्होल्टच्या बॅटरीतून दहा अँपिअर प्रवाह घेतला, तर १२ गुणिले १० म्हणजे १२० वॅट झाले.

हा गुणाकार ध्यानात घेतला की एक महत्त्वाची गोष्ट उलगडते. भाव कमी असेल, तर तीच रक्कम उभी करण्यास वजन अधिक द्यावे लागते. घरातील वीज २३० व्होल्टची असते. तेथे १५० वॅटच्या उपकरणास पाऊण अँपिअरही लागत नाही. मोटारीत भाव बारा व्होल्टचा असल्याने त्याच १५० वॅटांसाठी साडेबारा अँपिअर द्यावे लागतात. आणि इन्व्हर्टरमधील तूट धरली, तर चौदा-पंधरा अँपिअर. प्रवाह जितका अधिक, तितकी वायर तापते. म्हणून घरातील दिव्याची बारीक वायर मोटारीत वापरणे घातक होय.

साठ्याचे माप अँपिअर-तासांत सांगतात. लहान मोटारीची बॅटरी सामान्यतः ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे एक अँपिअरप्रमाणे घेतल्यास ती नावाला ३५ तास पुरावी. बारा व्होल्टने गुणिले असता हा साठा ४२० वॅट-तास होतो. घरच्या मीटरवर एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास. तेव्हा गाडीच्या एवढ्या मोठ्या बॅटरीत अर्धे युनिटसुद्धा वीज नसते! तिची किंमत पाहू गेल्यास दोन-चार रुपयांपलीकडे जाणार नाही. परंतु दुष्काळातील मूठभर धान्यास जसे बाजारभावाने मोजता येत नाही, तसे रानातील रस्त्यावर या अर्ध्या युनिटाचे मोल बिलावरून ठरत नाही.

बॅटरीचे पहिले कर्तव्य

गाडीची बॅटरी ही शिशाची व गंधकाच्या तेजाबाची. फ्रान्समधील प्लांते यांनी १८५९ साली या जातीची बॅटरी प्रथम तयार केली. इंजिन चालू करताना स्टार्टर तिच्यातून दोन-चार सेकंद शंभराहून अधिक अँपिअर ओढतो. एवढा मोठा प्रवाह एकदम देण्यासाठीच तिची घडण केलेली असते. इंजिन चालू झाले की आल्टरनेटर गाडीचा सर्व खर्च भागवितो व बॅटरीतील उणीव भरून काढतो. त्या वेळी दाब साधारण पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट असतो. इंजिन बंद झाल्यावर आवक थांबते आणि जो खर्च होईल तो शिलकेतून होऊ लागतो.

पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब विश्रांतीच्या वेळी सुमारे १२.६ व्होल्ट असतो. तो १२.२ च्या आसपास आला की साठा निम्म्यावर आला असे समजावे. शिवाय या बॅटरीस वारंवार तळापर्यंत रिकामी करणे सोसत नाही. तिच्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो व तिची धारणशक्ती कायमची घटते. दोन-तीन वर्षे वापरलेल्या बॅटरीत कागदावरचे ३५ अँपिअर-तास प्रत्यक्षात नसतात, हेही लक्षात ठेवावे. तात्पर्य, ही शिल्लक म्हणजे परतीच्या प्रवासाची अनामत रक्कम होय. तिला हात लावून मौज करणे शहाणपणाचे नाही.

कोण किती वीज खातो?

येथे पुष्कळांची समजूत चुकते. गाडी अडली की मुलांच्या टॅब्लेटवर खापर फोडले जाते. वस्तुतः साधा मोबाइल भरण्यास ५ ते १० वॅट, टॅब्लेटास १० ते २० वॅट, हातात धरण्याच्या डीव्हीडी यंत्रास १० ते १५ वॅट आणि लॅपटॉपास ४५ ते ६५ वॅट लागतात. टॅब्लेट भरण्यास बॅटरीतून जेमतेम एक-दीड अँपिअर जातो. दोन तासांत दोन-तीन अँपिअर-तास खर्च झाले, तर चांगली बॅटरी त्याने अडत नाही.

खरा खर्च टॅब्लेटच्या सोबत्यांचा असतो. बहुतेक गाड्यांतील सॉकेट किल्ली फिरविल्यावाचून चालू होत नाही. म्हणून मुलांचे साधन भरण्यासाठी किल्ली चालू ठेवली जाते. मग उकडते म्हणून पंखा वेगाने चालू होतो. तो एकटाच आठ-दहा अँपिअर घेतो. समोरचा पडदा व ध्वनियंत्रणा दोन-तीन अँपिअर घेतात. संध्याकाळ असेल आणि समोरचे दोन्ही दिवे लागलेले राहिले, तर आणखी नऊ-दहा अँपिअर गेले. टॅब्लेटच्या एका अँपिअरापायी असे वीस अँपिअर दर तासास वाहू लागतात, आणि एवढा उपसा एकदम केला म्हणजे बॅटरी आपला लिहिलेला साठाही पुरता देत नाही. तास-दीड तासात सर्व आटोपते.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबावर असाच प्रसंग आला. घरातील वृद्ध गृहस्थांची शस्त्रक्रिया होऊन ते नागपूरहून परत येत होते. रात्री वाटेत जेवणासाठी गाडी थांबली. वृद्धांना आत जाणे शक्य नव्हते म्हणून ते गाडीतच टेकून बसले; सोबतीस सूनबाई व दोन नातवंडे थांबली. इंजिन बंद होते. पण किल्ली चालू, पंखा चालू आणि मुलांचा चित्रपट मोठ्या पडद्यावर चालू. मंडळी आळीपाळीने जेवून येईतो दीड तास लोटला. निघताना स्टार्टरने नुसता ‘कट-कट’ आवाज केला. गाडी आपोआप गिअर बदलणारी होती, त्यामुळे धक्का मारण्याचाही उपयोग नव्हता. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीस जोडण्याच्या जाड वायरी कोणाजवळ नव्हत्या. अखेर एका मालमोटारवाल्याने मदत केली, तोवर मध्यरात्र उलटली होती. टाके ताजे असलेल्या माणसास त्या दोन तासांत जो त्रास झाला, तो दोन-चार रुपयांच्या विजेपायी झाला. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. फक्त खर्चाचे खाते कोणी पाहिले नव्हते.

वीज घेण्याचे निरनिराळे मार्ग

पहिला मार्ग साधनाची स्वतःची बॅटरी. हा सर्वांत सोपा असून त्याचाच विसर पडतो. चांगल्या स्थितीतील टॅब्लेटमध्ये २५ ते ३० वॅट-तासांचा साठा असतो व त्यावर सात-आठ तास चित्रपट पाहता येतो. घरून पूर्ण भरून घेतलेले साधन नागपूरच्या जाण्यायेण्यास बहुधा पुरते. रात्री घरच्या विजेवर भरणे हेच सर्वांत स्वस्त व सुरक्षित.

दुसरा मार्ग गाडीतील बारा व्होल्टचे सॉकेट. मूळची ही सोय सिगारेट पेटविण्यासाठी होती. व्यसनाच्या जागेवर मुलांची सोय आली, हा बदल स्वागतार्हच म्हटला पाहिजे. या सॉकेटच्या झाकणावर पुष्कळदा ‘१२ व्होल्ट, १२० वॅट’ असे लिहिलेले असते, म्हणजे दहा अँपिअरची मर्यादा. एका सॉकेटास तीन तोंडे करणारा जोड लावला, तरी मर्यादा तिप्पट होत नाही. एकाच खात्यावर तिघांनी सही केली म्हणून शिल्लक वाढत नाही, तसेच हे.

तिसरा मार्ग यूएसबी. १९९६ साली ही पद्धत संगणकासाठी निघाली. तिच्या मूळ रूपात ५ व्होल्ट व अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅटच मिळत. आजही कित्येक गाड्यांतील समोरचे यूएसबीचे तोंड मुख्यतः गाणी वाजविण्यासाठी असते व त्यावर टॅब्लेट भरत नाही. उलट चित्रपट चालू असताना तो उतरतच जातो. अशा वेळी साधन बिघडले असे समजू नये. बारा व्होल्टच्या सॉकेटात बसणारा चांगला चार्जर घ्यावा. ‘सी’ जातीच्या नव्या तोंडाचे व ‘पॉवर डिलिव्हरी’ पद्धतीचे चार्जर वीस-तीस वॅटांपासून लॅपटॉपास पुरेल इतकी शक्ती देतात. मात्र चार्जर, केबल व साधन ही तिन्ही त्या पद्धतीची असली तरच ती शक्ती मिळते.

चौथा मार्ग इन्व्हर्टर. हा बॅटरीच्या बारा व्होल्टांचे २३० व्होल्ट करून देतो. लॅपटॉपसाठी लोक तो घेतात. परंतु येथे वीज आधी चढवावयाची व मग लॅपटॉपच्या अडॅप्टरने पुन्हा उतरवावयाची, असा दुहेरी व्यवहार होतो व दोन्ही वेळा तूट सोसावी लागते. दोन दलालांच्या हातून माल घेण्यासारखेच हे आहे. लॅपटॉपचा बारा व्होल्टवर सरळ चालणारा चार्जर मिळत असेल तर तोच घ्यावा. शिवाय इन्व्हर्टरच्या तोंडाशी घरच्याइतकाच प्राणघातक दाब असतो. लहान मुलांच्या हाताशी तो असू नये.

पाचवा मार्ग पॉवर बँक. लिथियमच्या घटांवर चालणारी ही छोटी पेटी खिशातील वखारच होय. मात्र तिच्यावरील आकडा नीट वाचला पाहिजे. ‘१०,००० मिलिअँपिअर-तास’ हा आकडा आतील घटाचा, ३.७ व्होल्टच्या भावाने सांगितलेला असतो. गुणाकार केला तर ३७ वॅट-तास होतात. बाहेर देताना त्याचे ५ व्होल्ट करावे लागतात व त्यात काही वीज उष्णतेत जाते. हाती सुमारे ६,००० ते ६,५०० च पडतात. आपणा बालाघाट जिल्ह्यातील व्यापाऱ्यांस यात नवल वाटावयास नको. सरकारी भरडाईत एक क्विंटल धानामागे ६७ किलो अरवा तांदूळ धरतात. बाकी कोंडा व तूस. धानाच्या वजनाला तांदळाचे वजन समजून सौदा करणारा जसा फसेल, तसाच हा मोठा आकडा पाहून खरेदी करणाराही फसेल. पेटीवर बारीक अक्षरांत ‘रेटेड’ म्हणून जो लहान आकडा दिलेला असतो, तो खरा तांदळाचा. तसेच भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह आहे की नाही, हे पाहूनच माल घ्यावा.

याशिवाय काहीजण गाडीत दुसरी मोठी बॅटरी बसवून घेतात. प्रवाशांची ने-आण करणाऱ्या मोठ्या वाहनास ते ठीक. आपल्या घरगुती गाडीस तेवढ्या खर्चाची व जोडकामाची गरज नाही. विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्यांत चाके फिरविणाऱ्या मोठ्या बॅटरीतून हा खर्च सहज भागतो. तथापि त्यांतही दरवाजे, दिवे व नियंत्रणे यांसाठी बारा व्होल्टची लहान बॅटरी निराळी असतेच, आणि ती उतरली तर तीही गाडी अडते.

आपल्या जिल्ह्यातील मँगनीज

विजेचा साठा म्हटला की तो दूर देशी तयार होतो असे मुलांस वाटते. त्यांस सांगावे की, या साठ्यातील एक महत्त्वाचा पदार्थ आपल्या पायांखाली आहे. बालाघाट जिल्ह्यातील भरवेली, उकवा व तिरोडी येथील मँगनीजच्या खाणी प्रसिद्ध आहेत. फ्रान्समधील लेक्लांशे यांनी १८६६ साली जो घट तयार केला, त्यात मँगनीज डायऑक्साइड वापरले होते; आणि त्याच घटापासून पुढे आपल्या हातबत्तीतील कोरडे सेल निघाले. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्ग येथे मॉयल या सरकारी कंपनीने विद्युत्-विघटनाने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तयार करण्याचा कारखाना काढला, तो या सेलांच्या उद्योगासाठीच. लिथियम घटांच्या काही जातींतही मँगनीजचा वापर होतो. लहान रेडिओ किंवा बोलके खेळणे यांस अशा कोरड्या सेलांची जोडी अनेक दिवस पुरते, आणि त्यासाठी गाडीच्या बॅटरीस हातही लावावा लागत नाही. टॅब्लेटला मात्र तिची शक्ती अपुरी पडते.

धोक्याच्या जागा

फ्यूज हा गाडीचा पहारेकरी होय. तो उडाला तर पहारेकऱ्याने चोर पकडला असे समजावे व चोराचा शोध करावा. त्याच्या जागी जाड फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणे म्हणजे पहारेकऱ्यासच बांधून ठेवणे. त्यानंतर फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती गालिच्याखाली असल्याने धूर येईपर्यंत कळत नाही. मागच्या बाकासाठी नवे सॉकेट घ्यावयाचे असल्यास कुशल मिस्त्रीकडून, योग्य जाडीच्या वायरने व बॅटरीजवळ वेगळा फ्यूज घालून घ्यावे. असलेली वायर सोलून तिला दुसरी गुंडाळणे कदापि मान्य करू नये.

गाडी उभी असताना वीज मिळावी म्हणून बंद गॅरेजात किंवा आडोशाच्या पडवीत इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूस वास नसतो. झोपी गेलेल्या मुलास तो कळत नाही. त्याचप्रमाणे ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून चित्रपट लावून देऊन मुलांस एकटे गाडीत ठेवणेही नको. आपल्याकडील उन्हाळ्यात बंद गाडी पाहता पाहता भट्टीसारखी तापते. त्याच कारणाने पॉवर बँकही उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. फुगलेली किंवा दबलेली तर वापरूच नये.

टॅब्लेट बाकाच्या पाठीस घट्ट बसविलेला असावा. अचानक ब्रेक लागल्यास सुटी वस्तू दगडासारखी पुढे येते. केबल मुलांच्या गळ्याशी लोंबू नये. आणि चालकास चित्र दिसेल अशा जागी पडदा मुळीच नसावा.

निघण्यापूर्वीची तयारी

वरील सर्व विचाराचे सार व्यवहारात आणावयाचे तर पुढील क्रम ठेवावा. आदल्या रात्री सर्व साधने व पॉवर बँक घरी भरून घ्यावी. जे पाहावयाचे ते घरीच उतरवून घ्यावे. रानातून जाणाऱ्या रस्त्यावर संदेशलहरी क्षीण असतात व त्या शोधण्यात मोबाइलची बॅटरी लवकर उतरते. गाडी चालू असतानाच सॉकेटमधून वीज घ्यावी. इंजिन बंद करताना किल्ली पूर्ण बंद करून चार्जर काढून घ्यावा. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही सॉकेट चालू राहते. थांब्यावर मुलांस पाहावयाचेच असेल, तर साधनाच्या स्वतःच्या बॅटरीवर किंवा पॉवर बँकेवर पाहू द्यावे. ती रिकामी झाली तर चित्रपट थांबेल; प्रवास थांबणार नाही. हाच या सर्व लेखाचा मथितार्थ होय.

दोन दिवसांच्या यात्रेस, दोन मुले असल्यास, २०,००० ची एक पॉवर बँक पुरते. तिचे ७४ वॅट-तास, तूट वजा जाता सुमारे ४८. म्हणजे एक टॅब्लेट दीड वेळा भरेल, किंवा दोन टॅब्लेट निम्म्याहून अधिक भरतील. नागपूरहून विमानाने पुढे जावयाचे असेल, तर ती हातच्या सामानातच ठेवावी; साधारणपणे १०० वॅट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. शिवाय गाडीत बॅटरी जोडण्याच्या जाड वायरींची जोडी सदैव ठेवावी, व त्या लावण्याची रीत घरातील दोन माणसांस तरी ठाऊक असावी.

करमणुकीचे प्रमाण

विजेची सोय झाली म्हणून करमणूक अमर्याद असावी असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील बालकांस पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांस दिवसातून एक तासाहून अधिक नको. कमी असेल तितके बरे. वळणावळणांच्या रस्त्यात पडद्याकडे टक लावल्याने पुष्कळ मुलांस मळमळते, हा तर प्रत्येक मातेचा अनुभव आहे. तेव्हा एक तास चित्र, एक तास नुसते ऐकणे व उरलेला वेळ खिडकी, अशी वाटणी केली तर मुले प्रसन्न राहतात आणि विजेचा खर्चही निम्म्याने उतरतो.

खिडकीबाहेर त्यांस दाखविण्यासारखे थोडे नाही. वैनगंगेचे पात्र, धानाच्या बांध्या, मँगनीजचे काळे ढीग आणि पेंचच्या रानातून जाताना वन्य पशूंस वाट मिळावी म्हणून उंच उचललेला महामार्ग, हे सारे आपल्याच वाटेवर आहे. ज्या चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तो याच जिल्ह्यात पिकतो, हे व्यापाऱ्याच्या नातवंडास रस्त्यावरच कळावे. किलोमीटरच्या दगडांवरून वेग काढणे, समोरून येणाऱ्या मालमोटारीवरील कट्ट्यांचा अंदाज करणे, हे खेळ हिशेबाची बुद्धी वाढवितात.

मोटार, टॅब्लेट व पॉवर बँक ही सर्व सोयीची साधने आहेत. त्यांस दोष देण्याचे कारण नाही. कोणत्याही पेढीचा नियम असा की, घरखर्च चालू मिळकतीतून करावा, मौजेसाठी वेगळी लहान रक्कम बाजूस काढावी आणि राखीव निधी संकटासाठी राखावा. चालत्या इंजिनाची वीज ही चालू मिळकत, पॉवर बँक ही मौजेची रक्कम आणि गाडीची बॅटरी हा राखीव निधी. ही तीन खाती सभासद बंधूंनी व विशेषतः घरातील भगिनींनी निराळी ठेवली, तर मुलांची करमणूकही होईल आणि सारे कुटुंब वेळेवर, सुखरूप घरी परतेल.